गावाजवळ लोहखनिजाची खाण सुरू झाली की पहिल्या वर्षात काय काय करून ठेवायचं

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. हे लिहितोय मुख्यतः गडचिरोलीतल्या एटापल्ली-अहेरीकडच्या लोकांसाठी, कारण तिथल्या सुरजागडच्या खाणीचं लोहखनिज भरून ट्रक जाताना बघितले की आमच्याकडची 2005 ते 2011 ची वर्षं आठवतात. चीनची मागणी वाढली, भाव चढले, आणि 2010-11 ला गोव्यातून 5 कोटी टनांच्या पुढे खनिज बाहेर गेलं. मग सप्टेंबर 2012 ला सगळं बंद. नंतर थोडं सुरू झालं तर 7 फेब्रुवारी 2018 ला सुप्रीम कोर्टाने 88 लीज, म्हणजे खाणपट्टे, रद्द केल्या आणि मार्चमध्ये परत बंद. संसाधनांचा शाप म्हणतात तो आमच्याकडे असा आला, म्हणजे पैसा आला तेव्हा शेती सुटली, आणि पैसा गेला तेव्हा मागे काहीच उरलं नव्हतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. खाणीचा पैसा ही कमाई नाही, ती विक्री आहे. वडिलोपार्जित जमीन विकून आलेले पैसे कोणी रोजच्या खर्चात घालत नाही ना, तसंच हे. एकदा गेलेला डोंगर परत येत नाही. पुढचं सगळं यावरूनच ठरवायचं.

पहिलं काम पाण्याचं, आणि ते खाण खोल जायच्या आधी करायचं. दोरीला दगड बांधा, विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंत किती ते मोजा, दर महिन्याच्या 1 तारखेला, वहीत लिहा आणि तारखेसकट फोटो काढा. झरे, नाले, हातपंप सगळ्यांची नोंद ठेवा. खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला की त्यात पाणी जमतं, ते पंपाने उपसतात, आणि आजूबाजूच्या विहिरी उतरतात. आमच्याकडे हे कितीतरी गावांत झालं पण आधीची नोंदच नाही, मग विहीर पहिल्यापासून अशीच होती असं खाणवाल्यांनी म्हटलं की आपण गप्प. शेताचंही तसंच. पहिल्या पावसाआधी बांधांचे फोटो घ्या, कारण डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाऱ्याची, लाल माती पावसात थेट भातशेतीत उतरते. आणि ई-पीक पाहणीत पीक नोंदवाच, सातबाऱ्यावर जमीन पड दिसली तर नुकसानभरपाई मागायला आधारच राहत नाही.

दुसरं, जंगलाचा हिशोब. हा आमच्याकडे कधी कोणी केला नाही आणि तुम्हाला करता येतो, कारण गडचिरोलीत ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता आणि बांबू विकतात, मेंढा-लेखा गावाने तर 2009 लाच सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. तेंदूपत्त्याचे किती पुडे, मोहफुलं किती, बांबूचे किती, घराला किती पैसे आले ते दरवर्षी ग्रामसभेच्या वहीत लिहा. उद्या कोणी म्हणालं की इथे खाणीशिवाय काहीच उत्पन्न नव्हतं, तर वही पुढे करता येईल.

आता आपल्या हिश्श्याचं गणित. कायद्याने खाण असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं, सगळे डीएमएफ म्हणतात. 12 जानेवारी 2015 च्या आधी दिलेल्या लीजवर रॉयल्टीच्या (खाणवाले खनिजापोटी सरकारला देतात त्या रकमेच्या) 30 टक्के एवढी रक्कम आणि नंतर लिलावात गेलेल्यांवर 10 टक्के एवढी रक्कम त्यात जमा व्हावी लागते, रॉयल्टीच्या वर वेगळी. लोहखनिजाची रॉयल्टी सरासरी विक्रीभावाच्या 15 टक्के, आणि तो भाव नागपूरचं भारतीय खाण ब्युरो दर महिन्याला जाहीर करतं. समजा भाव टनाला 3,000 रुपये धरला तर रॉयल्टी 450, आणि जुन्या लीजवर डीएमएफचे 135. ट्रक 25 टनांचा असेल तर एका ट्रकमागे 3,375 रुपये. रस्त्यावर बसून एक दिवस ट्रक मोजा, 100 गेले तर 3,37,500 रुपये झाले, एका दिवसाचे! हा आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, रॉयल्टीच्या टक्केवारीपेक्षा तो पटकन पोचतो.

मग तो पैसा कुठे गेला ते विचारा. जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे माहितीचा अधिकार टाका, फी 10 रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो म्हणून दोन वेगळे अर्ज करा, एकात खाणीचं महिनावार उत्पादन आणि भरलेली रॉयल्टी, दुसऱ्यात डीएमएफमध्ये जमा रक्कम, मंजूर कामांची गावनिहाय यादी आणि बैठकांची इतिवृत्तं. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार किमान 70 टक्के पैसा थेट बाधित भागातच खर्च व्हायला हवा, म्हणजे खाणीपासून 15 किलोमीटरच्या आतल्या गावांत, आणि पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण असल्या कामांना प्राधान्य. शहरातल्या कामांवरच जास्त खर्च दिसला तर लेखी आक्षेप घ्या. तुम्ही अनुसूचित क्षेत्रात आहात, तिथे कामांच्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते, तेव्हा आपली यादी आधी आपणच ठरवून ठराव करून द्या, वरून यादी येईपर्यंत थांबू नका.

खाण वाढवायची असली की बहुतेक वेळा जनसुनावणी होते. नोटीस निदान 30 दिवस आधी पेपरात येते, पर्यावरणावरच्या परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो, त्याचा मराठी सारांश मागून घ्या. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळच घ्यायची असा नियम आहे, ती लांब ठेवली तर लगेच लेखी हरकत द्या. आणि शेवटपर्यंत उठू नका! मांडलेले मुद्दे शेवटी मराठीत वाचून दाखवावे लागतात, आपला मुद्दा गाळलेला असेल तर तिथल्या तिथे उभं राहून सांगा.

आता घरातलं, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. ट्रक घ्यायचा का? आमच्याकडे लोकांनी कर्ज काढून टिपर घेतले, एकाचे दोन, दोनाचे तीन, आणि 2012 ला ते दारात उभे राहिले पण हप्ते चालूच, शेवटी सरकारला कर्जसवलतीची योजना काढावी लागली. घ्यायचाच असेल तर वर्षात आठच महिने धंदा होणार असं धरा, कारण पावसात वाहतूक थंडावते पण हप्ता बारा महिने असतो. सहा महिन्यांचे हप्ते बँकेत बाजूला पडले नाहीत तोवर दुसरी गाडी नको. जमीन तारण ठेवून तर अजिबात नको. खाणीवर मजुरी जास्त मिळते म्हणून शेत पूर्ण सोडू नका, थोडं का होईना पेरत राहा, चार वर्षं पड राहिलेलं आणि मातीने भरलेलं शेत परत उभं करणं किती कठीण असतं ते आमच्याकडे येऊन बघा. पोरांना ड्रायव्हरकीचे पैसे दिसतात आणि दहावी-बारावी सुटते, तिथे आईबापांनी ठाम राहायला पाहिजे.

शेवटचं मागणं थोडं मोठं आहे पण सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने होऊ शकते. 2014 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने गोव्यासाठी विक्रीच्या 10 टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी करायला सांगितला, पुढच्या पिढ्यांसाठी. आमच्यासाठी तो उशिरा आला, तोवर बरंचसं खनिज निघून गेलं होतं. तुमच्याकडे अजून वेळ आहे, तर असाच निधी गडचिरोलीसाठी हवा असा ठराव आत्ताच करा आणि प्रत जिल्हाधिकारी, आमदार, खासदार तिघांनाही पाठवून पोच घ्या.