हाड जुळलं म्हणजे पाय तयार झाला असं नाही: मोठ्या अपघातानंतर सायकलपटूंनी या चुका टाळा

मोठ्या अपघातानंतर सायकलपटूचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "परत कधी?" भुलीची गुंगी पुरती उतरलेली नसते, पण डोक्यात पुढच्या शर्यतीची तारीख फिरायला लागलेली असते. ही घाई मला समजते. शर्यतीवर ज्याचं पोट आहे त्याला पलंगावरचा एकेक दिवस जड जातो. पण सावरताना जे बिघडतं, ते बहुतेक वेळा या तारखेपायीच बिघडतं.

दुसऱ्याची तारीख आपली मानणं

डेन्मार्कचा सायकलपटू योनास विंगेगार्ड 4 एप्रिल 2024 रोजी स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या शर्यतीत उतारावर पडला. कॉलरबोन मोडली, बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला इजा झाली. 12 दिवस तो रुग्णालयात होता. त्याच जुलैत त्याने टूर द फ्रान्सचा एक टप्पा जिंकला आणि एकूण दुसरा क्रमांक मिळवला. हे वाचलं की कॉलरबोन मोडलेला प्रत्येक जण बोटांवर तीन महिने मोजायला लागतो.

आता ख्रिस फ्रूमचं बघा. चार वेळा टूर जिंकलेला माणूस. 12 जून 2019 रोजी फ्रान्समधल्या रोआन इथे टाइम ट्रायलचा, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायच्या टप्प्याचा, रस्ता पाहत असताना त्याने नाक शिंकरायला हँडलवरचा एक हात काढला, त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला, आणि ताशी 50 किलोमीटरहून जास्त वेगात तो भिंतीवर आदळला. उजव्या मांडीचं हाड, कोपर, बरगड्या मोडल्या. फेब्रुवारी 2020 मध्ये, म्हणजे आठ महिन्यांत, तो पुन्हा शर्यतीत उतरला. पण त्यानंतर त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. 2022 च्या टूरमध्ये आल्प द्युएझच्या चढावर तो तिसरा आला, तेवढाच एक मोठा दिवस.

दोघांनीही कष्टात कसर ठेवली नव्हती. पण कॉलरबोन हे वजन न पेलणारं हाड, आणि मांडीचं हाड म्हणजे पेडल मारणाऱ्या सगळ्या स्नायूंचा खांब. कोणतं हाड, किती तुकडे, सांध्याजवळ की मधोमध, आसपासचे स्नायू किती फाटले, यावर कालावधी ठरतो. तुमची तारीख तुमच्या एक्स-रेवरून आणि तुमच्या सर्जनकडूनच घ्या.

फक्त एक्स-रेवर विसंबणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, कारण ती चूक वाटतच नाही. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलं, आणि आपण सुटलो असं वाटतं. फ्रूमचीही हाडं जुळली होती, पण उजवा पाय डाव्यापेक्षा कमजोर राहिला होता. हा फरक भरून काढण्यासाठी त्याला पुढे वेगळे व्यायाम करावे लागले.

माझ्या डाव्या मांडीत रॉड बसवल्यावर फिजिओने दोन्ही मांड्यांवर, गुडघ्याच्या वाटीपासून 15 सेंटीमीटर वर, पेनाने एकेक खूण केली होती. दर रविवारी तिथे टेप गुंडाळायची आणि आकडा वहीत लिहायचा. चौथ्या महिन्यात एक्स-रे स्वच्छ आला, तेव्हाही डावी मांडी तीन सेंटीमीटरने बारीक होती. ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, मात्र मला काहीच जाणवत नव्हतं. जाणवणार कसं? दोन्ही पेडल एकाच धुरीला जोडलेली. चांगला पाय जोर लावतो आणि दुबळा पाय नुसता सोबत फिरतो.

इथे पॉवर मीटरचाही, म्हणजे पेडलवरचा जोर मोजणाऱ्या यंत्राचाही, एक धोका आहे. बरेच मीटर फक्त डाव्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, असतात. ते डाव्या पायाचा जोर मोजून दुप्पट करून दाखवतात. दुखापत उजव्या पायाला असेल तर आकडा फुगलेला दिसतो आणि तुम्ही खुश होता. दुखापत डाव्या पायाला असेल तर आकडा कमी दिसतो, आणि तो गाठायच्या नादात तुम्ही गरजेपेक्षा जास्त झिजता. या काळात दोन्ही बाजू वेगळ्या मोजणारं मीटर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर डॉक्टरांनी पूर्ण भार टाकायची परवानगी दिल्यावर साधी चाचणी करा: खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या, एका पायावर उठा आणि सावकाश बसा. दोन्ही पायांनी करून बघा. गुडघा आत वळतो का, पाय थरथरतो का, शेवटी धपकन बसता का, हे कोणाला तरी समोर बसवून बघायला सांगा.

आणि वजन उचलण्याचा कंटाळा करू नका. सायकलवर हाडांना धक्के बसत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांची हाडं, विशेषतः मणक्याची, विरळ झालेली आढळतात. एका पायाचे व्यायाम आणि जिना हे सावरण्याच्या वेळापत्रकात सायकलइतकेच महत्त्वाचे.

याच्या उलट, पाय आणि श्वास साथ देतात म्हणून हाडाला विसरणंही तितकंच वाईट. रेम्को एव्हनपुल 15 ऑगस्ट 2020 रोजी इटलीतल्या इल लोम्बार्दिया शर्यतीत उतारावर पुलाच्या कठड्यावरून खाली पडला आणि त्याचं पेल्व्हिस (कमरेखालचं हाड) मोडलं. पुढच्या जानेवारीत तपासणीत हाड पुरेसं भरलेलं नाही असं दिसलं आणि त्याचा सराव थांबवण्यात आला. ऐन हंगामाच्या तोंडावर तो थांबला. मे महिन्यात तो थेट जिरो या इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत उतरला, आणि 17 व्या टप्प्यात पडल्यावर त्याला शर्यत सोडावी लागली. 2022 मध्ये त्याने स्पेनची मोठी शर्यत व्हुएल्ता आणि जागतिक अजिंक्यपद दोन्ही जिंकलं. जानेवारीतला तो थांबा त्याला महाग पडला नाही.

डोक्याच्या माराकडे दुर्लक्ष

मोडलेलं हाड दिसतं, मेंदूला बसलेला हादरा दिसत नाही. 2020 च्या टूरमध्ये रोमँ बार्दे पडला, उठताना त्याचा तोल गेला, तरी सायकलवर बसून त्याने टप्पा पूर्ण केला. नंतरच्या तपासणीत मेंदूत लहानसा रक्तस्राव आढळला. त्यानंतर काही महिन्यांतच आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने अशा माराबद्दल स्वतंत्र नियमावली आणली.

मळमळ, डोकं जड होणं, उजेड नकोसा वाटणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीपेक्षा जास्त चिडचिड: यातलं काहीही असेल तर सायकल बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सुरुवातीचे 24 ते 48 तास विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने हालचाल. लक्षणं परतली तर एक पायरी मागे. "मी ठीक आहे" हा पडलेल्या माणसाचा शब्द इथे पुरावा धरू नका. सोबत्यांनीच त्याला थांबवायचं.

वजन वाढेल म्हणून जेवण तोडणं

सायकलपटूला वजनाची धास्ती असते. सराव बंद झाला की तो ताटातलं निम्मं कमी करतो. पण हाड आणि स्नायू नव्याने बांधायला शरीराला ऊर्जा लागते. उपाशी शरीर हे काम मागे ढकलतं. प्रथिनं शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण 1.6 ते 2 ग्रॅम ठेवतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

सोलवटलेली कातडी उघडी ठेवून खपली धरू देण्यापेक्षा नीट धुऊन, खडी काढून, ओलसर ड्रेसिंगखाली लवकर भरते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हातावर पडला असाल आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासा. तिथलं बारीक मोडलेलं हाड सुरुवातीला दिसत नाही. ऑपरेशननंतर पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर वाट बघू नका. ती रक्ताची गाठ असू शकते.

हेल्मेट बदला, तडा दिसत नसला तरी. कार्बनची फ्रेम, फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) आणि हँडल जाणकाराला दाखवल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

भीती लपवणं

इगन बर्नाल 24 जानेवारी 2022 रोजी कोलंबियात सराव करताना उभ्या बसवर आदळला, ताशी सुमारे 60 किलोमीटर वेगात. मणके, मांडी, गुडघ्याची वाटी, बरगड्या मोडल्या. त्याच ऑगस्टमध्ये तो शर्यतीत परतला, पण व्हुएल्ताचा टप्पा जिंकायला 2025 साल उजाडलं. मधल्या वर्षांत तो सुरुवातीच्या रेषेवर येत राहिला.

उतारावर हात आखडत असतील तर प्रशिक्षकाला आणि संघाला सांगा. भीती लपवणारा घाबरून चुकीच्या जागी ब्रेक दाबतो आणि मागच्यांनाही पाडतो. ओळखीचा, रुंद, रिकामा उतार निवडा. पहिल्यांदा पूर्ण उतार ब्रेकवर बोटं ठेवून या. दुसऱ्या दिवशी तोच उतार, फक्त शेवटच्या वळणाआधी ब्रेक सोडा. सोबत एक जण पुढे ठेवा, मागे नको. मागून येणाऱ्या चाकाचा आवाज बरेच महिने दचकवतो.