लॉची फी आणि उसाचं बिल: शाहूवाडीतून कोल्हापूरला आलेल्या एका विद्यार्थ्याचा अनुभव

आमच्या घरात मोठी रक्कम येते ती उसाच्या बिलाची, दिवाळीनंतर. लॉच्या प्रवेशफेऱ्या होतात ऐन पावसाळ्यात, म्हणजे घरात दुधाच्या बिलाशिवाय काहीच नसतं तेव्हा. २०२३ मध्ये बी.ए. करून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला, तेव्हा सगळ्यात जास्त त्रास मला याच गोष्टीचा झाला. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजची फी भरणं अशक्य नसतं, पण ती चुकीच्या महिन्यात मागितली जाते. त्यामुळे तयारी कागदांपासून सुरू करा.

प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा द्यावी लागते. तिला दोन तास असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न मोकळा सोडू नका. तीन वर्षांच्या कोर्सला पदवीला खुल्या गटात ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि एससी-एसटींना ४० टक्के लागतात. परीक्षा झाली की बरेच जण निवांत बसतात आणि तिथंच फसतात. कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते. माझ्या ओळखीच्या एका मुलाला चांगले गुण होते, पण ही नोंदणी राहिली आणि त्याचं वर्ष गेलं. शिवाय कॅपमधून न जाता व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर शिष्यवृत्ती मिळत नाही. ‘जागा मिळतेय ना, घेऊन टाक’ असं सांगणारे भेटतील, त्यांना हे विचारा.

कॉलेज निवडताना अनुदानित जागा कोणत्या आणि विनाअनुदानित कोणत्या, हे पाहा. एकाच कॉलेजात दोन्ही तुकड्या असू शकतात आणि फीत मोठा फरक पडतो. विनाअनुदानितची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती आधी बघून मगच पसंतीक्रम भरा.

आता दाखले. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर. जूनमध्ये सेतू केंद्रात गेलात तर दहावी-बारावीच्या पोरांची रांग असते. एप्रिलमध्ये जा. नवं आर्थिक वर्ष लागलेलं असतं, दाखला पुढच्या मार्चअखेरपर्यंत चालतो.

मी खुल्या गटातला, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत मला शिकवणी शुल्काची निम्मी सवलत मिळाली. धाकटी बहीण पुढच्या वर्षी आली, तोवर मुलींच्या शुल्कमाफीचा जुलै २०२४ चा शासन निर्णय झाला होता. त्यामुळे तिचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. जिमखाना, ग्रंथालय वगैरे किरकोळ शुल्क मात्र भरावंच लागलं. आमच्या आईला वाटलं होतं की आता एक रुपयाही लागणार नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

माझी चूकही सांगतो. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज केला, मंजूर झाला, पण पैसे दिसेनात. चार महिने हेलपाटे मारले. शेवटी कळलं, आधार जोडलेलं होतं शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्याला, आणि रक्कम तिथं जमा झाली होती. अर्जात कुठलंही खातं लिहा, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात. अर्जाआधी बँकेत जाऊन ते तपासा. आणि दर वर्षी नूतनीकरण करा, ते आपोआप होत नाही.

तोपर्यंत फी कशी भरली? प्राचार्यांना हप्त्यांसाठी लेखी अर्ज दिला. दोन हप्ते मिळाले, दुसरा जानेवारीत, म्हणजे उसाचं बिल आल्यावर. तोंडी विचारलं होतं तेव्हा नकार आला होता.

राहण्यासाठी आधी बोर्डिंगांत चौकशी करा. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी इथं वसतिगृहं उभी केली, त्यातली काही आजही चालतात. खोली आणि खाणावळीच्या मानानं खर्च बराच कमी येतो. शेतकऱ्याच्या मुलांनी अल्पभूधारक दाखला काढून पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचाही अर्ज करावा.

शेवटच्या वर्षानंतर लागणाऱ्या सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, खर्चाची भीती वाटायची. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये वकील म्हणून नोंदणीच्या शुल्काला ७५० रुपयांची आणि एससी-एसटींसाठी १२५ रुपयांची मर्यादा घातली. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही, म्हणजे मुंबईबाहेर भरणारं खंडपीठ, कोल्हापुरात आहे. मी दर शनिवारी ज्या वकिलांकडे जातो, ते आता मुंबईची तिकिटं काढत नाहीत.