कांदळवनाची उपग्रहचित्रं ताडताना तिथी बघा

गावच्या खाडीतलं कांदळवन वाढतंय की तुटतंय, हे सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांत फुकट बघता येतं. ही चित्रं दाखवणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर ‘फॉल्स कलर’ निवडलं की झाडोरा लालभडक दिसतो. पण दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवताना भरती-ओहोटीचं पाणी सांभाळा. हा उपग्रह कोकणावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. मग आपला जुनाच हिशोब लावा: तिथीच्या पाऊणपट ती भरतीची वेळ. म्हणजे पुनवेला, अवसेला (पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा) चित्रात भरती, काठची खुजी झाडं पाण्यात. अष्टमीला भरती सहाला, म्हणून अकराला ओहोटी, चिखल उघडा. तिथी जुळत नसेल तर न झालेली तोडही झाल्यासारखी वाटते. महिनाही तोच धरा, शक्यतो जानेवारी. पावसाळ्यात नुसते ढग. एक ठिपका 10 मीटरचा, त्यामुळे चार-दोन झाडांची तोड मात्र बांधावरून चालतच बघावी लागते.