गाडीत जीपीएस बसवताना या चुका टाळा

जांबोटी मागे टाकून कणकुंबीकडे लागलं की बेळगावच्या गाड्यांत एकच तक्रार ऐकू येते, जीपीएस गेला. बहुतेक वेळा जीपीएस जागेवर असतो, गेलेली असते ती मोबाईलची रेंज. उपग्रहाचा सिग्नल घ्यायला सिम लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. नकाशा मात्र इंटरनेटवरून येतो. निळा ठिपका सरकतोय आणि भोवती नुसता करडा रंग आहे, असं दिसलं तर रिसीव्हरला हात लावू नका. चोर्ला, अनमोड, आंबोली यांपैकी ज्या घाटाने गोव्याकडे उतरणार त्याचा नकाशा घरूनच डाऊनलोड करून निघा. चोरीच्या भीतीने बसवलेल्या ट्रॅकरची गोष्ट निराळी. त्याला जागा कळते, पण ती तुम्हाला कळवायला सिम आणि रेंज लागतेच.

खरा बिघाड निघतो तो वीजजोडणीत, आणि तिथेच फिटिंगवाले सगळ्यात जास्त घाई करतात.

पहिली चूक म्हणजे रंग बघून वायर जोडणे. बाजारातल्या अनेक ट्रॅकरमध्ये लाल वायर कायम प्लसची, म्हणजे चावी काढली तरी वीज असणारी, आणि चावी फिरवल्यावरच वीज येणारी चावीची वायर वेगळ्या रंगाची. कार स्टिरिओच्या जोडणीत नेमकं उलट, तिथे साधारणपणे पिवळी कायम चालू आणि लाल चावीवर. रंगावर विसंबून लालला लाल जोडली की काम बिघडलंच. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, लावा. चावी काढल्यावरही बारा व्होल्टच्या आसपास दिसले तर ती कायम प्लस, शून्य झाले तर चावीवरची. दोन मिनिटांचं काम आहे, ते करायला लावाच. स्टीअरिंगखालच्या पिवळ्या आवरणातल्या वायरींना मात्र मीटरची पिनसुद्धा लावू देऊ नका. बहुतेक गाड्यांत ती एअरबॅगची जोडणी असते.

कायम प्लसवर सगळं जोडलं तर काय होतं? समजा यंत्र सतत ५० मिलिॲम्पिअर खातं. दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास झाले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची धरली तर पंधरा दिवसांत निम्मी रिकामी. आपल्याकडे मुलगा पुण्याला नाहीतर बंगळूरला, आणि गाडी टिळकवाडीत कव्हर घालून उभी, अशी घरं कितीतरी आहेत. गणपतीला मुलगा येतो, चावी फिरवतो, नुसतं टकटक वाजतं, आणि दोष बॅटरीवाल्याला मिळतो. म्हणून नुसता नकाशा दाखवणारं यंत्र चावीच्या वायरवरच घ्या. ट्रॅकर घ्यायचा तर चावी काढल्यावर झोपणारा घ्या, आणि झोपेत तो किती करंट घेतो ते दुकानातच विचारा.

अर्थिंगकडे तर कुणी बघतच नाही. काळी वायर डॅशबोर्डखालच्या रंगवलेल्या पट्टीत खोचलेली असते. रंगातून वीज जात नाही. बोल्ट सोडवा, खालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, वायरला गोल टर्मिनल दाबून बसवा, मग बोल्ट आवळा. खानापूरच्या पुढच्या पावसात कच्ची अर्थिंग गंजते. मग यंत्र खड्ड्यात बंद पडतं आणि सपाट रस्त्यावर चालू होतं. लोक त्याला उपग्रहाचा दोष समजतात.

प्लसची वायर इन्सुलेशन कापून, पिळून, टेप मारून जोडू देऊ नका. मूळ वायर न कापता फ्यूजच्या जागेवरून नवी वायर काढून देणारा, फ्यूज बॉक्समध्ये बसणारा फ्यूज टॅप मिळतो, तो लावा आणि यंत्राच्या माहितीपत्रकात दिला असेल तेवढ्याच ॲम्पिअरचा फ्यूज घाला. मूळ वायर कापली तर वॉरंटीचा वाद पुढे तुमच्याच गळ्यात येतो.

आता सिग्नलचं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की शेजारचा स्वस्त यूएसबी चार्जरसुद्धा त्याला गुदमरवतो. संशय आला तर चार्जर काढून यंत्र पॉवर बँकेवर चालवून बघा. लगेच जागा सापडली तर गुन्हेगार चार्जर. अँटेना काचेजवळ, सपाट बाजू आकाशाकडे करून ठेवा. पत्र्याखाली किंवा धातूचा थर असलेल्या फिल्ममागे ती आंधळी होते. अँटेनाची जादा वायर करकचून दुमडू नका, सैल वेटोळं करा. काचेच्या बाजूच्या खांबावरच्या पट्टीतून वायर नेताना ती तिथल्या पडद्याच्या (कर्टन) एअरबॅगच्या मागून जायला हवी, पुढून नव्हे. आतली बॅटरी असलेलं यंत्र मात्र एप्रिल-मे महिन्यांत काचेवर चिकटवून उन्हात सोडू नका, बॅटरी फुगते.

‘नाविक चालतं’, म्हणजे भारताच्या स्वतःच्या उपग्रहांवरून जागा दाखवतं, अशी जाहिरात वाचून भुलू नका. इस्रोच्या नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस या रेडिओ पट्ट्यांवर बोलतात. साध्या रिसीव्हरला ऐकू येणारी एल-१ पट्टी २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून आली. खोक्यावर एल-५ लिहिलेलं नसेल तर तुमचं काम मुख्यतः जीपीएसवरच चालणार, आणि त्यात बिघडत काही नाही.

नवीन यंत्र जोडल्याबरोबर गाडी हलवू नका. जीपीएसच्या सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक एकदा पूर्ण उतरायला १२.५ मिनिटं लागतात. खडेबाजारच्या गल्लीत दुकानासमोर ही चाचणी नीट होत नाही. गाडी मोकळ्या आकाशाखाली न्या आणि पंधरा मिनिटं उभी ठेवा.

पैसे देण्याआधी स्टार्टर मारून बघा. इंजिन घुमताना व्होल्टेज दहाच्या खाली जाऊ शकतं. तेवढ्यात स्क्रीन विझून यंत्र नव्याने सुरू झालं तर वायर किंवा अर्थिंग तपासायला लावा. इंजिन सुरू असताना यंत्राच्या टोकाशी साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. बॅटरीवर तेवढे आणि यंत्रापाशी एक व्होल्ट कमी असेल, तर जोड कच्चा आहे. तो तिथेच पुन्हा करून घ्या.