राणीच्या बागेत फुलं बघायला जाताय? या चुका टाळा

फेब्रुवारीत भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन आलेली बरीच मंडळी म्हणतात, ‘फुलं काही खास नव्हती.’ फुलं असतात हो, पण यांचे पाय पेंग्विनकडे वळतात आणि नजर वाफ्यांवरच अडकते. थंडी सरताना खरा बहर झाडांवर येतो. पायाखाली पाकळ्यांचा सडा दिसला की थांबा आणि मान वर करा.

सगळ्यात जास्त हुकते ती उर्वशी. हे झाड मूळचं म्यानमारचं. तिच्या लाल फुलांचे लांब झुबके पानांआड खाली लोंबतात, त्यामुळे वाटेवरून नुसती हिरवाई दिसते. फांद्यांखाली जाऊन बघा. तिची कोवळी पानं तांबूस असतात आणि मलूल लटकतात. झाड सुकलंय असं समजून माळ्याला बोल लावू नका, तीच पानं पुढे हिरवी आणि ताठ होतात. तिला बी क्वचितच धरतं, त्यामुळे हे झाड जागोजागी भेटत नाही. इथे आहे तर सावकाश बघा.

दुसरी चूक म्हणजे लाल-केशरी दिसेल त्याला पळस म्हणणं. ‘पानं तीनच’ ही खूणही फसवते, कारण पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात. खोड बघा. पळसाला काटे नसतात, पांगारा आणि काटेसावर या दोघांनाही असतात. मग फुलाकडे वळा. काटेसावरीचं फूल पाच जाड पाकळ्यांचं, वाटीएवढं, आत पुंकेसरांचा गुच्छ. पांगाऱ्याचे लालभडक तुरे फांदीच्या टोकाला. पळसाचं फूल पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. काटेसावरीचं फूल अख्खंच गळून पडतं. ते उचलून निरखा, फांदी ओढू नका.

विक्रोळीच्या हायवेवरची गुलाबी झाडं ‘चेरी ब्लॉसम’ म्हणून स्टेटसला टाकू नका. तो टॅबेबुया, मध्य अमेरिकेकडचा.

फोटोत फूल काळं आणि आभाळ पांढरं येतंय? स्क्रीनवर फुलाला टॅप करून उजेड वाढवा, किंवा ऊन पाठीशी घेऊन उभे राहा. दुपार टाळाच. सकाळी काटेसावरीवर मधासाठी मैना-बुलबुलांची झुंबड असते, दुपारी घामाशिवाय काही मिळत नाही. आणि बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते.