बाटलीतली झाडं कुजतात ती या चुकांमुळे

मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, लकी बांबू, अॅग्लोनेमा ही झाडं गोव्याच्या दमट हवेत नुसत्या पाण्यावर कित्येक वर्षं राहतात. तरीही घरोघरी ती कुजताना दिसतात आणि कारणं दर वेळी तीच असतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. बाटलीत ती हवा पाण्यात विरघळलेली असते. ती आधीच थोडी असते आणि लवकर संपते. खालच्या बहुतेक चुका या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात.

पाणी न बदलता वरून भर घालणं

ही सगळ्यात मोठी चूक. पातळी खाली गेली की पेलाभर पाणी ओतायचं आणि झाडाची काळजी घेतली असं समजायचं. झाड पाणी शोषतं, काही पाण्याची वाफ होते, पण क्षार बाटलीतच राहतात आणि प्रत्येक भरीबरोबर त्यात नव्यांची भर पडते. काही महिन्यांत काचेवर पांढरा थर बसतो आणि पानांची टोकं करपतात. तळाशी गळून पडलेल्या मुळांचा चिकट गाळ साचतो. हा गाळ कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात, मग चांगली मुळंही काळी पडतात. उन्हाळ्यात हे आणखी वेगाने होतं, कारण कोमट पाण्यात हवा कमी मावते: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू, तर ३० अंशांना साडेसात.

झाड गेलं तर दुसरी फांदी लावता येते. डासांचं तसं नाही. मनीप्लांटची पानं टवटवीत आणि पाणी नितळ असलं की बाटलीत कोणी डोकावत नाही, आणि डेंग्यूच्या डासाला असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, बाटलीच्या आतल्या भिंतीवर. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून नवीन भरणं पुरेसं नाही. भिंत घासलीच पाहिजे. पावसाळ्यात आरोग्य खात्याचे कर्मचारी घरात येऊन फुलदाण्या आणि बाटल्या का तपासतात, याचं उत्तर इथे आहे. त्यांच्यावर वैतागू नका.

सगळ्यांत सोपी सवय म्हणजे आठवड्यातला एक वार ठरवणं. पाणी पूर्ण ओता, तेही मोरीत न ओतता मातीवर किंवा कुंडीत, म्हणजे त्यात अळ्या असल्या तर मरतील. बाटली आतून ब्रशने खसखसून घासा, गळ्याजवळ जास्त. मुळं नळाखाली धरून बोटांनी हलकेच चोळा. पिचपिचीत, वास येणारी मुळं कात्रीने कापा आणि पांढरी, घट्ट मुळं राहू द्या. एप्रिल-मेमध्ये हेच आठवड्यातून दोनदा करा. बाटलीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबराने घट्ट बांधला तर चांगलंच, पण त्यामुळे घासणं टळत नाही. आठवड्यातून दहा मिनिटं देता येत नसतील तर झाड कुंडीत लावावं. बिनकामाची बाग म्हणून बाटल्या मांडू नयेत, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

कुंडीतलं झाड उपटून थेट पाण्यात

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून भरलेलं, देखणं अॅग्लोनेमा आणायचं, माती झटकायची, काचेच्या बरणीत ठेवायचं. पहिला आठवडा झाड छान दिसतं. दुसऱ्या आठवड्यात पाणी गढूळ होतं, तिसऱ्यात खालची पानं पिवळी पडतात, आणि मग दुकानदाराला दोष दिला जातो. मातीत वाढलेली मुळं मातीच्या फटींतली हवा घेतात. एकदम पाण्यात बुडाली की त्यांतली बरीचशी मरतात. पाण्यात जगणारी नवी मुळं यायला वेळ लागतो. तोपर्यंत चिकटून राहिलेली तांबडी माती आणि कोकोपीटचे धागे कुजून उरलेली हवाही संपवतात.

घाई नसेल तर फांदीच लावा. फांदीला येणारी मुळं पहिल्या दिवसापासून पाण्याचीच असतात. आख्खं झाडच हवं असेल तर मुळं अर्धा तास बादलीत भिजवा, मग वाहत्या पाण्याखाली एकेक मूळ मोकळं करा. रोपवाटिकेच्या झाडांत गड्ड्याच्या मध्यभागी बऱ्याचदा कापडी जाळी असते, ती शोधून काढा. काळी, पोकळ मुळं कापा. बरणीत मुळांचा खालचा दोन तृतीयांश भागच बुडू द्या. पहिला आठवडा रोज पाणी बदला, पुढचे दोन आठवडे दोन-तीन दिवसांनी. या काळात एक-दोन पानं गळतील, ती गळू द्या. पांढरी जाड टोकं दिसू लागली की झाड रुळलं. ती दिसेपर्यंत खत घालायचं नाही.

पेर नसलेली फांदी

मनीप्लांटचं पान देठासकट तोडून पाण्यात ठेवलं की ते महिनोनमहिने हिरवं राहतं, कधी मुळंही धरतं, पण त्यातून वेल कधीच निघत नाही. अशा वेलींचा नवा कोंब फक्त पेरातून येतो. दोन-तीन पेरांची फांदी घ्या, खालच्या पेराच्या एक सेंटिमीटर खाली कापा. पेरावर तपकिरी टोचा असेल तर उत्तम, तेच हवाई मूळ. एक पेर पाण्यात बुडवा, पान मात्र एकही बुडू देऊ नका. आपल्याकडच्या हवेत दोनेक आठवड्यांत मुळं दिसतात. स्नेक प्लांटच्या पानाला मात्र दीड-दोन महिने लागतात, आणि पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलं तर येणारी पिल्लं साधी हिरवी असतात. रोज फांदी उचलून मुळं आली का बघणाऱ्यांनी हात आवरावा, कोवळी टोकं मोडतात.

गळ्यापर्यंत पाणी

मुळं आल्यावर त्यांचा वरचा एक तृतीयांश भाग उघडा ठेवा. स्पायडर प्लांटचा मधला गाभा बुडाला की संपलं. लकी बांबूला तळाशी पाच सेंटिमीटर पाणी पुरतं. त्याचं पान पिवळं पडलं तर कापून टाका. कांडीच पिवळी पडली तर ती परत हिरवी होत नाही, जुडगा सोडवून ती लगेच बाजूला काढा, नाहीतर शेजारच्या कांड्याही कुजतील.

घरगुती खतं

मासळी धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात घालावं, तांदळाचं धुवण परसातल्या अळवाला. बाटलीत यांतलं काहीही गेलं की दुसऱ्या दिवशी घाण वास सुटतो. साखर, दूध, चहापत्ती, शेणाचं पाणी, सगळ्याचं तेच. ते कुजवून झाडाला उपयोगी करायला माती लागते आणि बाटलीत माती नसते. खत द्यायचंच तर मुळं दोन इंच झाल्यावर, पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) द्या. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम विरघळवून ठेवा आणि महिन्यातून एकदा, पाणी बदलताना, त्यातले ५० मिलिलिटर लिटरभर ताज्या पाण्यात मिसळा. पाव ग्रॅम झालं. चिमटीचा अंदाज बहुतेक वेळा जास्तच होतो. उरलेलं द्रावण चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

बाकीच्या

फेणीच्या किंवा वाइनच्या रिकाम्या बाटल्या सुंदर दिसतात, पण अरुंद गळ्यातून मुळांचा झुपका बाहेर येत नाही आणि ब्रशही आत जात नाही. लोणच्याची रुंद तोंडाची बरणी घ्या, चिनीमातीची असेल तर आत उजेड जात नाही आणि शेवाळाचाही प्रश्न मिटतो. काच हवीच असेल तर बाहेरून जाड कागद गुंडाळा.

तांब्याची भांडी नकोत.

पश्चिमेच्या खिडकीत उन्हात ठेवलेली बाटली दुपारी तापते. बाल्कांवातल्या, म्हणजे ओसरीतल्या, सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. जूननंतर घरं अंधारतात, तेव्हा खिडकीपासून एक-दीड मीटरच्या आत आणा, नाहीतर पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे फिके पडतील.

नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरा. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ लागत असेल तर ते नको. पावसाचं पाणी उत्तम, मात्र पहिल्या काही सरी छपरावरची धूळ धुऊन जाऊ द्या आणि साठवलेलं भांडं झाकून ठेवा.

मनीप्लांट आणि अॅग्लोनेमाच्या चिकाने खाज सुटते, चावल्यास तोंड सुजतं. मांजर असेल तर उंच ठेवा. छाटलेले वेल कुळागरात (पोफळीच्या बागेत) किंवा व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, टाकू नका. तिथे ते रुजतात, पोफळीवर चढतात आणि मग उपटणं कठीण होतं.

चवथीला आठवड्याहून जास्त दिवस गावी जाणार असाल तर बाटल्या रिकाम्या करून घासून ठेवा. झाडांची मुळं ओल्या, धुतलेल्या वाळूच्या कुंडीत पुरून सावलीत ठेवा. परत आल्यावर वाळू धुऊन पुन्हा पाण्यात ठेवायची.