ड्रॅगन फ्रूट : छाटलेल्या फांद्या आधी बांधावरून हलवा, फवारणी नंतर

वळीव पडून गेले, मृग तोंडावर आला. सांगोला, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, करमाळा या पट्ट्यात ज्यांची ड्रॅगन फ्रूटची बाग आहे त्यांनी या आठवड्यात बाकीची कामे बाजूला ठेवावीत. एप्रिल-मेच्या उन्हात पोळलेल्या आणि डाग पडलेल्या फांद्या कापून शेताबाहेर न्यायच्या आहेत. मागच्या छाटणीच्या फांद्या बांधावर, पोलच्या (झाड ज्यावर चढवतात त्या खांबाच्या) बुडाशी किंवा ओढ्याच्या कडेला पडून असतील तर त्याही उचलायच्या आहेत. पावसाला सुरुवात झाल्यावर हे काम निम्मेच उपयोगी पडते. जुलैच्या झडीत तर ते करूच नये, कारण ओली जखम म्हणजे रोगाला उघडे दार.

खोडावरच्या कँकरने, म्हणजे फांद्यांवर डाग आणि भोके पाडणाऱ्या बुरशीच्या रोगाने, बसलेल्या बागांमध्ये बहुतेक वेळा एक गोष्ट सारखी दिसते. फवारण्या भरपूर झालेल्या असतात, पण कापलेला माल शेतातच पडलेला असतो. तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या वाळून जातात, म्हणून आपल्याला कापलेले बांधावर टाकायची सवय आहे. ड्रॅगन फ्रूट हे निवडुंगाच्या कुळातले. त्याची कापलेली फांदी साठवलेल्या पाण्यावर महिनोन्‌महिने जिवंत राहते, बांधावर पडल्या जागी मुळ्या धरते. तिच्यावरच्या डागात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसतात, ती कँकर आणणाऱ्या निओसायटॅलिडियम बुरशीची बीजघरे. पावसाचा थेंब त्यावर आपटला की बीजाणू शिंतोड्यांबरोबर आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या कोवळ्या फुटीवर जातात. बांधावर असा ढीग ठेवून बागेत हजारोंची औषधे मारणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

उन्हाचा आणि रोगाचा संबंधही लक्षात घ्या. पारा ४० अंशांच्या वर गेला की फांदीची नैर्ऋत्येकडची बाजू पोळते, पिवळट-पांढरी पडते. ही भाजलेली साल बुरशीला आत शिरायला सोपी जाते. म्हणून मे महिन्यात नुसता पिवळेपणा दिसलेली बाग जुलैअखेर डागांनी भरते आणि शेतकऱ्याला वाटते रोग पावसाने आणला.

कापण्याआधी काय कापायचे ते ओळखा, नाहीतर चांगली बाग उगाच उघडी पडते.

उन्हाचा चट्टा सपाट, फिकट, एकाच दिशेला असतो. त्यात काळे ठिपके नसतात. तो कडक होऊन वाळला असेल आणि फांदी बाकी हिरवी असेल तर राहू द्या, फक्त लक्ष ठेवा. कँकरची सुरुवात लहान, गोल, किंचित खोलगट फिकट ठिपक्यांनी होते. पुढे ते नारिंगी-तपकिरी होऊन वर उचलले जातात, खडबडीत होतात, शेवटी फांदीच्या धारेला आरपार भोक पडते. अशी फांदी जायलाच हवी. करप्याचे डाग तपकिरी, वलयांचे, कडेला पिवळी किंवा तांबूस झाक असलेले. जिवाणूची सड पाणचट असते, घाण वास येतो, गर गळून पडतो आणि मधली काष्ठासारखी शीर तेवढी उरते. गोगलगायीने खरवडलेल्या जागी चकाकती रेघ सापडते, तिथे बुरशीनाशकाचे काही काम नाही. आणि बुडाजवळचे जुने खोड तपकिरी, सालीसारखे झालेले दिसते ते वयाने होते. तो रोग नव्हे. त्याला कटर लावू नका, सगळा पोल त्याच्यावर उभा आहे.

कुंपणाच्या फड्या निवडुंगावर पांढरा कापूस दिसला म्हणून बागेत कीटकनाशक मारणारेही आहेत. तो बोटाने चिरडा. लालभडक रंग आला तर ती कोचिनील कीड, ती फड्यावर आणि त्याच्या जवळच्या जातींवरच जगते. ड्रॅगनवरच्या पिठ्या ढेकणाशी तिचा घोळ घालू नका.

कापणी अशी करा. दोन दिवस कोरडे जाणार असा अंदाज असेल तेव्हाच, सकाळचे दव उडाल्यावर. डागाच्या जागी तुकडा काढू नका; डागाच्या मागच्या सांध्यावर, जिथे कांडे बारीक होते, तिथे कापा. कापावर मधली शीर पांढरट-हिरवी दिसली पाहिजे. पिवळी-तपकिरी दिसली तर आणखी एक सांधा मागे या. दोन कटर ठेवा: एक वापरात, दुसरा स्पिरिटमध्ये किंवा १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये. प्रत्येक पोलनंतर अदलाबदल. मजुरांना हे कंटाळवाणे वाटते, पण एकच कटर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवला तर रोग आपणच ओळभर पेरतो. कापलेली फांदी जमिनीवर टाकू नका, ओढत नेऊ नका. थेट पोत्यात टाका.

पोती कुठे न्यायची, हा खरा प्रश्न. बागेपासून लांब, पाणी वाहून येणार नाही अशा उंचवट्यावर ३ फूट खोल खड्डा घ्या, थरावर चुना भुरभुरा आणि वर किमान दीड फूट माती दाबा. ओल्या फांद्या जळत नाहीत. जाळायच्या असतील तर ताडपत्रीवर उन्हात पूर्ण सुकवाव्या लागतात आणि आता तेवढे ऊन राहिलेले नाही, म्हणून खड्डाच बरा. गांडूळखताच्या बेडमध्ये, शेणखताच्या उकिरड्यात, ओढ्यात टाकू नका. ओळीत रोटाव्हेटर फिरवून त्यांचे तुकडे तर मुळीच करू नका. एका फांदीचे वीस तुकडे म्हणजे रोगाची वीस ठिकाणे.

कापावर त्याच दिवशी १० टक्के बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. त्यानंतर पूर्ण बागेवर १ टक्का बोर्डो मिश्रण. मोरचूद १ किलो ५० लिटर पाण्यात आणि चुना १ किलो दुसऱ्या ५० लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या पिंपांत वेगवेगळे भिजवा, गाळा, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता. लोखंडी विळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडी निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा, त्यात दुसरे काही मिसळू नका. बोर्डो जमत नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, २.५ ग्रॅम प्रति लिटर. फुले उघडी असताना फवारणी नको. ती रात्री उमलतात, सकाळी मधमाश्या येतात, मिटल्यावरच पंप काढा.

पुढची फवारणी पंधरा दिवसांनी, असे शिफारशीत असते. शेतातला ठोकताळा वेगळा आहे: सलग तीन दिवस ढगाळ राहिले आणि सकाळी दहानंतरही फांदीच्या खाचेत पाणी दिसले, तर दिवस मोजत बसू नका. पहिल्या उघडिपीला बागेत फिरा आणि नवा डाग असलेले कोवळे कांडे तिथेच कापून पोत्यात टाका.

दुकानातून मिळणाऱ्या किटबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. टॉनिक, अमिनो, समुद्री शेवाळ आणि दोन बुरशीनाशके असा संच ‘कँकर स्पेशल’ म्हणून हातात दिला जातो. निवडुंगाची छिद्रे दिवसा मिटलेली असतात, वर मेणाचा थर असतो. दुपारी मारलेल्या टॉनिकचा बराचसा भाग ओघळून मातीत जातो. नत्र जास्त झाले तर फूट लुसलुशीत येते आणि कँकर तिच्यावरच आधी बसतो. डबा घेताना लेबलवर ड्रॅगन फ्रूटचे नाव आहे का ते वाचा, नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात विचारून मगच वापरा. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था या पिकावर काम करते, तिथली माहिती फुकट मिळते. किटच्या पैशात दोन मजूर लावून बांध साफ करा.

बाकीची कामे :
– बेडच्या कडेचे चर मोकळे करणे. बुडाशी पाणी साचू न देणे
– शेणखत बुडाला चिकटवून नव्हे, वीतभर लांब. पोलला १० ते १५ किलो, पूर्ण कुजलेले
– ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) एकरी २ किलो, शेणखतातून. तांबेयुक्त औषध मुळाशी जाऊ न देता
– पाऊस सुरू झाला की ठिबक बंद, वाफसा पाहूनच पुन्हा चालू
– पोलच्या माथ्यावरच्या रिंगखालची फूट काढणे
– फळमाशीचे सापळे एकरी ४ ते ५

नवी लागण करणाऱ्यांनी शेजाऱ्याची छाटणी फुकट मिळते म्हणून आणू नये, आधी त्याची बाग पावसाळ्यात पाहून यावी. काडी घेतलीच तर एकही ठिपका नसलेली, गेल्या वर्षीची, पक्की. ती सावलीत ५ ते ७ दिवस सुकवून, कॉपर ऑक्सिक्लोराइड ३ ग्रॅम प्रति लिटरच्या द्रावणात १० मिनिटे बुडवून लावा. काडीचे खालचे टोक खालीच राहील हे पाहा. काडी कापल्यावर पांढरा चीक आला तर ती ड्रॅगन नाही. तीनधारी निवडुंग दिसायला जवळचा असतो, त्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

गच्चीवर एखादे झाड असणाऱ्यांनाही हेच लागू. कुंडीत निम्मी माती, पाव भाग वाळू, पाव भाग कुजलेले खत, तळाला मोठी भोके, पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाकणे. डागाची फांदी शेजारच्या कुंडीत खोचून ठेवू नका, गावात कुणाला द्यायला म्हणूनही ठेवू नका.

फळे धरल्यावर, म्हणजे फूल उमलल्यापासून २८ ते ३२ दिवसांत, तोडणी येते. तोडलेल्या फळाचा देठ, वाळलेली फुले आणि डागी फळे पोलखाली टाकायची नाहीत. तीही त्याच खड्ड्यात, म्हणून खड्डा आत्ताच थोडा मोठा घ्या.